कौन्सिल हॉलात फुटलेली सुपारी

मु. शिळेवाडी, कोळवण खोरे,
पेटा मुळशी, जि. पुणे
२६ सप्टेंबर १९५३

रा. रा. जयसिंगराव धुमाळ, मुक्काम सोलापूर, यांस हैबतराव शेडगे यांचा रामराम.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. नागपंचमीला तुम्ही माझ्या ओसरीवर भरल्या ताटावरून उठलात, माझ्या लेकीला एसटीत बसवलंत आणि मागे वळूनही न बघता गेलात. त्या दिवशी मी तुमच्या सासूला, साळूबाईला सांगितलं होतं, की या जावयाला मी जन्मात पत्र लिहिणार नाही. जन्म अजून बराच शिल्लक आहे, पण बातमीच अशी आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या खोऱ्याला दवाखाना मिळाला. सुईण मिळाली. साधीसुधी नव्हे, सरकारी शिकलेली नर्स.

आता बोला.

तुम्ही काय म्हणाला होता ते मला शब्द न शब्द पाठ आहे. "जिथं नदीला पाणी आलं की डॉक्टरचं तोंड दिसत नाही, तिथं मी कमळला बाळंतपणाला पाठवणार नाही." सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या तोंडावर! पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा काही मी काढलेला कायदा नाही. तुम्ही सॅनिटरी इन्स्पेक्टर, दिवसभर गटारं तपासता, तेव्हा तुम्हाला जिथं तिथं जंतू दिसायचेच. असो. रागावून काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे, आणि इथवर तरी बरं जमलं आहे.

परवा गुरुवारी आम्ही पुण्याला कौन्सिल हॉलात गेलो होतो. पावसाळ्यात मुंबई सरकारचं सगळं विधिमंडळ पुण्याला येऊन बसतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गुरुवारी दिवसभर आरोग्यखात्याचं कामकाज होतं. आमच्या आमदारांचा निरोप आला, की कोळवण खोऱ्याचा प्रश्न मी मांडणार आहे, चार माणसं येऊन गॅलरीत बसा, म्हणजे मलाही जोर येईल. मी निघालो. माझा चुलतभाऊ गेणबा निघाला. तुमच्या वरातीत बैल आवरता आवरता जो स्वतःच आडवा झाला होता, तो. तेवढ्यात साळूबाईनं नवं लुगडं काढलं.

मी म्हटलं, "तितं बायकांचं काय काम?"

ती म्हणाली, "बाळंतपनाचाच इचार हाय न्हवं तितं? मग बापयांचं काय काम?"

मी तिसऱ्या तिकिटाचे पैसे मोजून घेतले.

दारातल्या हवालदारानं माझी काठी ठेवून घेतली, गेणबाची छत्री आणि तंबाखू ठेवून घेतली. साळूबाईची पानसुपारीची चंची तिच्या ओच्यात होती, ती मागायची त्याची छाती झाली नाही. आत गेलो तर काय थाट! हंड्या, लाकडी बाकं, वर फिरणारे पंखे. अध्यक्ष आले तसे सगळे उभे राहिले. गेणबानं उभं राहून वरूनच मोठ्यानं रामराम घातला. मग जो तो उठून "अध्यक्ष महाराज, अध्यक्ष महाराज" म्हणायला लागला, तेव्हा गेणबा माझ्या कानाशी लागला, "कुटल्या गादीचं म्हाराज हायेत रं हे?"

जयसिंगराव, तुम्ही तिथं असायला हवं होतं. तुमच्या आवडीचंच सगळं. कुणी हिवतापावर बोललं, कुणी घरोघर पावडर फवारण्यावर, कुणी देवीच्या टोचणीवर, कुणी पायविहिरीतल्या नारूवर. एकजण कानडीत बोलले, एक गुजरातीत. एकजण इंग्रजीत इतकं जोरात बोलले की ते भांडतात की आभार मानतात तेच कळेना. समोरचे मात्र मान डोलावत होते. मला वाटत होतं, इथं माणसं नुसत्या खुर्च्या उबवतात. तसं नाही. त्या दिवशी निम्म्या मुलखाचं दुखणंखुपणं त्या एका खोलीत येऊन बसलं होतं.

मग आमचे आमदार उठले. वाळकी नदीचा पूर, ती पायी ओलांडायचे आमचे उतार, पौडापर्यंतचा चिखल, सगळं त्यांनी असं सांगितलं की मलाच पाय भिजल्यासारखं वाटलं. ते बसले मात्र, गेणबा उठून ओरडला, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" हवालदारानं त्याला खांदे धरून खाली दाबला. खाली सगळे वर बघून हसत होते. अध्यक्षही.

त्यावर आरोग्यखात्याचे उपमंत्री उठले. म्हणाले, कोळवण खोऱ्याची अडचण सरकारला माहीत आहे. पुढंही बरंच बोलले. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्यांची आमची गाठ पडली आणि तिथं सगळं पक्कं झालं. कसं, ते लिहीत बसत नाही, कागद संपत आला.

तेव्हा हट्ट सोडा आणि दिवाळीला कमळला घेऊन या. सातवा लागेल तिला. बाळंतपण इथंच होईल.

हैबतराव शेडगे


शिळेवाडी, ३ ऑक्टोबर १९५३

जयसिंगराव यांस रामराम.

आपलं कार्ड पावलं. त्यावर एकच ओळ. "मंजुरीचा हुकूम आला असल्यास नक्कल पाठवावी." खाली सही. अशी ओळ माणूस पौडाच्या महालकऱ्याला लिहितो, सासऱ्याला नाही. कडेला कमळनं बारीक अक्षरात "मी बरी आहे, चिंचा खाते" एवढं लिहिलं होतं. तेवढंच साळूबाईनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

हुकूम नाही. घ्या, हसा.

आता झालं ते सरळ सांगतो. उपमंत्री पुढं बरंच बोलले म्हणून मी लिहिलं होतं. ते असं बोलले, की खोऱ्यातल्या लोकांनी स्वतः इमारत बांधून दिली, तर नर्स देण्याचा विचार पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात करता येईल. आमदारांनी वर बघितलं. मी खाली बघितलं. पुढचं वर्ष कमळच्या काय कामाचं?

मधल्या सुट्टीत आमदारांनी आम्हाला व्हरांड्यात नेऊन उपमंत्र्यांपुढं उभं केलं. माणूस सुरतेकडचा, उंच, पांढरी टोपी, डोळे हसरे. मी आणि गेणबा हात जोडून उभे. पाठ करून नेलेलं भाषण मी विसरलो. साळूबाई पुढं झाली.

"सायेब, फुडल्या वर्साचं काय सांगताय? पोरीला दिवाळीला सातवा लागंल. प्वार काय तुमच्या कागदासाटी थांबतंय व्हय?"

ते हसले. आमदार समजावायला लागले. तिनं आमदारांना हातानं थांबवलं.

"माजी पयली दोन गेली, सायेब. नदीला पानी व्हतं. पल्याड मानसं उबी व्हती, अल्याड मी. कुनाला येताच आलं न्हाई. ही कमळ तिसरी."

जयसिंगराव, हे कमळला आम्ही कधी सांगितलेलं नाही. तुम्हीही सध्या सांगू नका. तुम्ही ताटावरून उठलात तेव्हा मला जो राग आला, तो तुम्ही खोटं बोललात म्हणून आला नव्हता. एवढं पुरे.

उपमंत्री आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "आई, मी करेन. पण नियम आहे." साळूबाईनं ओच्यातून चंची काढली, तिच्यातून अख्खी सुपारी काढली आणि तळहातावर धरली. "मग एवडी घ्या," म्हणाली. त्यांनी हात पुढं केला. तिनं अडकित्त्यानं तिथल्या तिथं सुपारी फोडली, पहिलं खांड त्यांच्या हातावर ठेवलं, मग आमदारांना, गेणबाला, मला, आणि जवळून जाणाऱ्या हवालदारालाही थांबवून दिलं. पाच माणसांनी सुपारी खाल्ली. उपमंत्र्यांनी तर मिटक्या मारत खाल्ली.

आमच्या खोऱ्यात लग्न असंच ठरतं. तुमचंही असंच ठरलं, फक्त तेव्हा तुम्हाला सुपारीपेक्षा आत पोहे घेऊन उभी असलेली मुलगी जास्त दिसत होती. बोलणी कितीही होवोत, रुसवे कितीही होवोत; पाच जणांसमोर सुपारी फुटली आणि तोंडात गेली, की सोयरीक पक्की. मग मोडायची नाही. उपमंत्र्यांना वाटलं, बाई पाहुणचार करते आहे. साळूबाईनं चंची कमरेला खोवली तेव्हाच मी ओळखलं, की हिच्यापुरतं हे लग्न ठरलं.

परतीच्या एसटीत तिनं पिरंगुटला चढणाऱ्या बायकांनाही सांगितलं, "सुपारी फुटली बरं का, नर्सबाई येनार!" पौड येईस्तोवर सगळी गाडी वऱ्हाडासारखी बोलत होती. एकटा गेणबा तोंड पाडून बसला होता. म्हणाला, "वयनी, पितरांचा पंधरवडा हाय. आता सुपारी कोन फोडतंय?"

साळूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माजी दोन बी तितंच हायेत, भावजी. त्यांच्याच साक्षीनं फोडली."

त्यावर गेणबानं पौडापर्यंत तंबाखूसुद्धा मळली नाही.

म्हणून मी दवाखाना मिळाला असं लिहिलं. खोटं लिहिलं नाही. सुपारी फुटल्यावर मोडलेली सोयरीक मी या खोऱ्यात पाहिलेली नाही, आणि आमच्याकडून तरी मोडणार नाही. ती बाजू म्हणते घर बांधा, तर घर बांधतो. उद्यापासून इर्जिक घातलं आहे. ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं आणि गावानं मजुरी न घेता राबायचं, ही आमची जुनी पद्धत तुम्हाला कमळनं सांगितली असेलच. जागा माझी, रस्त्यालगतची, पुराचं पाणी कधी न चढणारी. वरच्या वाडीचा चिंधू कुडाच्या भिंतींसाठी कारवी आणतो आहे. त्याची बायको गंगू हिलाही दिवस गेले आहेत. आम्ही बोलावण्याआधीच तो येऊन कुठं खणायचं ते विचारून गेला.

तुम्हाला यातलं काही पटणार नाही. कमळला चिंचा कमी खायला सांगा.

हैबतराव शेडगे


शिळेवाडी, १० ऑक्टोबर १९५३

जयसिंगराव यांस हैबतरावाचा रामराम.

या वेळी तुमचं पत्र चांगलं पानभर आलं. मला वाटलं, माफी मागितली असेल. उघडून बघतो तर नुसत्या खिडक्या. खिडकी कुठल्या बाजूला, केवढी, न्हाणीचं पाणी कुठं सोडायचं, विहिरीत लाल औषध किती, बाळंतिणीची खोली शेणानं सारवायची नाही. सासू-सासऱ्यांना नमस्कार शेवटी, तोही कोपऱ्यात.

खिडक्या ठेवल्या. तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे, गेणबाला उजेड आवडतो म्हणून. न्हाणीचं पाणी लांब काढलं, तेही गेणबालाच आवडतं.

काय इर्जिक झालं म्हणून सांगू! भातं फुलोऱ्याला आलेली, शिवारात काम कमी, त्यामुळं खोऱ्यातला जो तो हजर. कोळवणहून कौलं आली, कुणी मेढी दिल्या, कुणी वासे. चिंधूनं कारवी इतकी आणली की उरलेल्या काठ्यांचं कुंपण झालं. साळूबाईनं आणि बायकांनी कालवणाचे हंडे चढवले. गावची जुनी सुईण रत्नाबाई तेवढी फुगून घरात बसली होती. तिला वाटलं, आता आपल्याला कुणी विचारणार नाही. साळूबाई तिच्या दारात जाऊन म्हणाली, "नर्सबाय आली तरी तिला गावातली वाट कोन दावनार? चल ऊठ, भाकऱ्या थापायच्या हायेत." ती उठली आणि भाकऱ्या थापता थापता सगळ्यांना ओरडत सुटली. तेव्हा कळलं, तिची कळी खुलली.

घर उभं राहिलं. काल अधिवेशनाचा शेवटचा दिवस, म्हणून आम्ही पुन्हा पुणं गाठलं. या वेळी निम्मी गॅलरी आमचीच. हवालदारानं साळूबाईला ओळखलं आणि पहिला रामराम त्यानंच केला.

तुमच्या खात्याची तासभर प्रश्नोत्तरं चालली. मग आमचे आमदार उठले. चेहरा अगदी गंभीर. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, गेल्या महिन्याच्या चोवीस तारखेला माननीय उपमंत्र्यांनी याच इमारतीच्या व्हरांड्यात, कोळवण खोऱ्यातल्या साळूबाई शेडगे यांच्या हातची सुपारी पाच जणांसमोर खाल्ली, हे खरं आहे काय?"

सभागृहात कुजबुज. उपमंत्री बावचळून उठले. "खरं आहे."

"त्या खोऱ्यात वराकडच्यांनी फोडलेली सुपारी मुलीकडच्यांनी खाल्ली म्हणजे सोयरीक पक्की होते, आणि वराकडच्यांनी त्याप्रमाणे मांडव घातला आहे, घर बांधून तयार आहे, याची त्यांना कल्पना आहे काय?"

जयसिंगराव, मी जत्रेतल्या तमाशात असं हसणं ऐकलेलं नाही. विरोधी बाजूचे बाकं वाजवत होते. एकजण ओरडले, "वऱ्हाड कधी निघणार?" दुसरे म्हणाले, "नवरीला हळद लावा!" अध्यक्षांनी हातोडी आपटली, पण ती आपटताना त्यांचाच खांदा हलत होता. गॅलरीत साळूबाई मात्र हसली नाही. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती खाली उपमंत्र्यांकडं एकटक बघत होती. तिच्या हातांच्या शिरा मला दिसत होत्या. मी तिच्या हातावर हात ठेवला. एवढ्या माणसांत पहिल्यांदाच.

उपमंत्र्यांनी वर बघितलं. त्यांना ती दिसली. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मला पद्धत माहीत नव्हती. पण आमच्या सुरतेकडंसुद्धा खाल्लेली सुपारी कुणी परत करत नाही. घर तयार असेल तर पुढचं वर्ष कशाला? दिवाळीच्या आधी नर्स पाठवायची व्यवस्था करतो."

गेणबा उठायच्या आधी हवालदारानं त्याचा खांदा धरला होता. पण या खेपेला चांगभलं साळूबाईनंच केलं. तिला कोण धरणार?

हैबतराव


शिळेवाडी, १ नोव्हेंबर १९५३

जावईबापू जयसिंगराव यांस रामराम.

आली! परवा दुपारी पौडाहून बैलगाडीनं आली. नाव एस्तेरबाई, नगरकडची, ख्रिस्ती. वय चाळिशीचं, पायात काळे बूट, मांडीवर पत्र्याची पेटी, आणि तोंडावर असा भाव की आपण कुठं येऊन पडलो. तिला काय माहीत, आपण नवरी आहोत म्हणून!

शिवेवर अख्खा गाव. ताशावाला आला होता. गाडी थांबवली, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाई म्हणाली, "अहो, हे काय? मी नोकरीवर आलेय." साळूबाई म्हणाली, "सरकारची लेक आमच्या घरी नांदाया आलीया. गप बसा."

मग खण-नारळ आणला, तेव्हा गेणबा पुन्हा घोटाळला. "वयनी, बाई किरिस्ताव हाय. वटी कशी भरायची?"

"तिला पदर हाय न्हवं? मग भरायची."

एस्तेरबाईनं आधी सगळ्यांकडं बघितलं, मग पदर पुढं केला. तांदूळ ओटीत पडताना तिचे डोळे भरले. म्हणाली, "माझी ओटी आजवर कुणी भरली नव्हती." मग ताशा असा काही वाजला की बैल बुजले आणि गेणबा नेहमीप्रमाणे त्यांना आवरायला धावला. या वेळी पडला नाही. तुम्हाला मुद्दाम कळवतो.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या बाईनं विचारलं, "या खिडक्या कुणाच्या डोक्यातून निघाल्या? फार चांगल्या आहेत." मी म्हटलं, "आमच्या जावयाच्या. ते मोठे सॅनिटरी इन्स्पेक्टर आहेत." तोंडातून निघून गेलं. आता तुम्हाला लिहून टाकलं, कारण गेणबा सांगितल्याशिवाय राहणार नाही.

काल वरच्या वाडीची गंगू आली होती, तपासून घ्यायला. आधी दारातच उभी. एस्तेरबाईनं हाताला धरून आत नेली, रत्नाबाईला म्हणाली, "तुम्ही पण या, तुमच्याशिवाय ही बोलायची नाही." दोघी मिळून आत गेल्या. बाहेर आली तेव्हा गंगू हसत होती.

दिवाळीला कमळला घेऊन या. जावई म्हणून मान घ्यायला या, किंवा इन्स्पेक्टर म्हणून तपासणीला या. कसेही या, पण या. साळूबाईनं अनारशाचं पीठ भिजवलं आहे आणि रोज दिवस मोजते आहे.

हैबतराव


शिळेवाडी, १५ जानेवारी १९५४

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. गेणबा काल संध्याकाळच्या आत पौडाला पोचून तार करून आला. तारेत काय मावतं? मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. आता नीट सांगतो.

काल संक्रांत. बायका सुगडं घेऊन देवळाकडं निघालेल्या आणि सकाळीच कमळच्या पोटात दुखायला लागलं. चालत दवाखान्यात नेली. दिवाळीत तू येऊन बसवलेल्या त्या चुलीवर पाणी उकळत होतं. एस्तेरबाई आत, रत्नाबाई आत, साळूबाई आत. मी आणि गेणबा बाहेर वडाखाली. दुपार झाली तरी काही नाही. मग आतून एस्तेरबाईचा आवाज आला, एकदम कडक, "रत्नाबाई, पाय धरा. साळूबाई, तुम्ही बाजूला व्हा." मी उठून उभा राहिलो. गेणबानं माझा हात पकडला, आणि मी त्याचा. त्या वेळी मला नदीचं पाणी दिसत होतं, कोरड्या जानेवारीत, आणि पलीकडं उभी असलेली माणसं.

बाळाच्या मानेला नाळेचे वेढे होते. जन्मली तेव्हा रडली नाही, निळी पडली होती. एस्तेरबाईनं वेढे सोडवले, तोंड पुसलं, उलटी धरून पाठीवर थोपटली, पुन्हा थोपटली. आणि मग ती रडली. जयसिंग, असली रडली की वडावरचे कावळे उडाले. गेणबानं टोपी उडवली, ती अजून वडावरच आहे.

संध्याकाळी एस्तेरबाई मला म्हणाली, "शेडगेमामा, हे घरी झालं असतं तर काय, ते मला सांगता येत नाही." तिला सांगायची गरजच नव्हती. तू हट्ट धरलास म्हणून साळूबाई चंची घेऊन पुण्याला गेली, नाहीतर मी कमळला घरच्याच खोलीत ठेवली असती, भैरोबावर भार टाकून. बाबा रे, माझी लेक आणि माझी नात तुझ्या हट्टानं मिळाली. तुला आता अहो-जाहो मला जमायचं नाही. राग मान, नाहीतर मानू नकोस. आजपासून तू माझा मुलगा.

पेढे कुठले आणणार? संक्रांतच होती, गावभर तिळगूळ वाटला. वरच्या वाडीलाही पोचवला. गंगूचं बाळ आता महिन्याचं झालं आहे, तिनं कमळला एक कोंबडी पाठवली. आणखी एक सांगतो. आपलं ऐकून खोऱ्यातल्या चार-पाच घरांच्या लेकी बाळंतपणाला यायच्या आहेत. कुणी मुंबईहून, कुणी भोरहून. इतकी वर्षं त्यांच्या सासरचे पाठवायला तयार नव्हते. या उन्हाळ्यात गावात नुसते पाळणे दिसतील.

आता शेवटचं. साळूबाईनं कधी पाळणा म्हटलेला मी ऐकला नव्हता. पहिल्या दोन वेळी म्हणायला कुणी उरलंच नाही. कमळच्या वेळी तिनं तोंडच उघडलं नाही. मोठ्यानं म्हटलं तर कुणाची तरी नजर लागेल, ही भीती. पोर झोपेस्तोवर नुसती दोरी ओढत बसायची, मुकाट. आज सकाळी मी दवाखान्यात गेलो, तर दारातूनच आवाज आला. खिडक्या सगळ्या उघड्या, ऊन आत, आणि साळूबाई नातीला मांडीवर घेऊन मोठमोठ्यानं पाळणा म्हणत होती. चाल चुकलेली, शब्द निम्मे स्वतःचेच. रत्नाबाई सुधारायला गेली, तर तिलाच गप्प केलं. रस्त्यानं जाणारे थांबून ऐकत होते, आणि तिला कुणाचीच भीती वाटत नव्हती.

मी आत गेलो नाही. भिंतीला टेकून बाहेरच उभा राहिलो आणि रडलो. हे कमळला सांगू नकोस. तूच ये आणि ऐक. ती अजून थांबलेली नाही.

तुझा,
हैबतराव